स्वप्नात ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं : सुरुवात सकाळच्या वहीपासून



मागच्या हिवाळ्यात चौथीतला एक मुलगा वर्गात रोज पेंगायला लागला. पहिल्या तासालाच डोकं बाकावर. आईला विचारलं तर म्हणाली, रात्री लाईट बंदच करू देत नाही, जागाच असतो. मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवलं. “सर, रोज तेच स्वप्न पडते. इहिरीत पडतो मी. मले भेव लागते.” थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “सपनातच मले समजलं का हे खरं नाही, तं मंग भेव नाही लागणार ना?”

त्याला नाव माहीत नव्हतं, पण त्याने विचारलं त्यालाच ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात. आपण त्याला ‘सजग स्वप्न’ म्हणू. झोप चालू आहे, स्वप्न चालू आहे, आणि आत कुठेतरी कळतं की अरे, हे तर स्वप्न आहे. कधी कधी त्या स्वप्नात पुढे काय करायचं हेही ठरवता येतं. पण मुख्य गोष्ट कळणं ही आहे, उडणं-बिडणं नंतरचं.

हे नाव रूढ केलं फ्रेडरिक व्हॅन ईडन या डच मनोविकारतज्ज्ञाने, 1913 साली. तरी बराच काळ शास्त्रज्ञ म्हणत की झोपलेल्या माणसाला असं भान असूच शकत नाही, तो मध्येच जागा होत असेल. याचा निकाल डोळ्यांनी लावला. स्वप्नांच्या मुख्य झोपेत (तिला रेम झोप म्हणतात) अंगाचे स्नायू सैल पडलेले असतात, पण बुबुळं हलत असतात. मग 1975 साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली या माणसाला सांगून ठेवलं, स्वप्नात भान आलं की डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे फिरव. यंत्रावर त्या खुणा उमटल्या, आणि माणूस गाढ झोपेत! पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं आणि शिकायची पद्धतही बसवली.

आपल्याकडे स्वप्नाचा विचार काही नवा नाही. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा अवस्था सांगितल्या आहेत. तुकोबांना गुरूपदेश स्वप्नात झाला, आणि शिऊरच्या संत बहिणाबाईंना तुकोबांनी स्वप्नातच दर्शन दिलं, हे आपण पाठ शिकवताना सांगतोच. आता ही सजग स्वप्नं होती असा दावा मी करणार नाही, ती ओढाताण होईल. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या दोघांनी स्वप्न सोडून दिलं नाही, ते लक्षात ठेवून शब्दांत मांडलं. नवशिक्याची पहिली पायरी नेमकी हीच आहे.

कारण स्वप्न डोळे उघडल्यावर काही मिनिटांत पुसलं जातं. जे आठवतच नाही, त्यात भान आलं होतं की नाही हे कसं कळणार? म्हणून उशाशी वही आणि पेन ठेवा. जाग आली की लगेच उठू नका, मोबाईल तर अजिबात घेऊ नका. कुशीवर तसंच पडून राहा आणि शेवटचं काय दिसलं तिथून मागे मागे जा. एक शब्द आठवला तरी लिहा. मी सुरुवातीचे चार दिवस फक्त ‘काही नाही’ असं लिहिलं होतं. दहाएक दिवसांनी पानं भरायला लागली.

वही भरली की तीच तीच दृश्यं दिसू लागतात. मला सारखी शाळा दिसायची, तीही परीक्षेच्या दिवसातली. ही आपली खूण. मग दिवसा खरोखरच्या शाळेत शिरताना स्वतःला विचारायचं, मी आत्ता जागा आहे ना? नुसतं विचारून उपयोग नाही, तपासायचं. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहा; स्वप्नात नाक बंद असूनही श्वास येतो. किंवा एखादी अक्षरांची ओळ वाचा, नजर हटवा, पुन्हा वाचा. स्वप्नात ती बहुतेकदा बदलते. बटण दाबून दिवा लागतो का हेही काही जण पाहतात, पण आपल्याकडे ही परीक्षा जागेपणीही नापास होते!

रात्री झोपताना, आणि पहाटे आपोआप जाग आली तर तेव्हाही, नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं आणि मनात म्हणायचं, ‘पुढचं स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मी ओळखेन.’ पहाटच का? झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं आणि प्रत्येक चक्रात रेम झोप वाढत जाते. दहाला झोपून सहाला उठणाऱ्याची लांबलचक स्वप्नं चार ते सहाच्या दरम्यान पडतात.

माझं पहिलं सजग स्वप्न तीन आठवड्यांनी पडलं. फळ्यावर मी ‘विशेषण’ लिहिलं होतं, वळून पाहिलं तर ‘विषाणू’. हसू आलं, कळलं, आणि त्या आनंदात जागच आली. बहुतेक नवशिक्यांचं असंच होतं. अशा वेळी स्वप्नातच दोन्ही तळहात एकमेकांवर घासायचे, गडबड करायची नाही, असं अनुभवी लोक सांगतात. दुसऱ्या वेळी मला त्याचा उपयोग झाला.

आता पालकांसाठी नीट सांगतो. चार-पाच तासांनी गजर लावून उठायचं, थोडं जागं राहून पुन्हा झोपायचं, ही पद्धत सगळीकडे सांगितली जाते. मोठ्या माणसाने सुट्टीच्या दिवशी करून पाहावी. मुलांवर करू नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते, ती मोडून मिळणारं कोणतंही स्वप्न महागच. शिवाय रेम झोपेतून अर्धवट जाग आली तर हात-पाय हलत नाहीत, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. स्नायू सैल असतानाच मन जागं झाल्यामुळे हे होतं, भूतबीत काही नसतं, थोड्या वेळात आपोआप सुटतं. पण लहान मूल घाबरेल. ज्यांना भास होण्याचा आजार आहे त्यांनीही हा नाद करू नये. आणि एखाद्या खऱ्या प्रसंगानंतर मुलाला सतत भयानक स्वप्नं पडत असतील तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठा.

मग त्या पोराचं काय केलं? मी त्याला श्वासाच्या परीक्षा शिकवल्याच नाहीत. एक जुनी वही दिली आणि दिवसाउजेडी, वर्गात, विहिरीचं स्वप्न काढायला सांगितलं. म्हटलं, आता याचा शेवट तुझ्या मनाने बदल. भीतिदायक स्वप्नांवरच्या उपचारात ही रीत वापरतात: जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलायचा आणि त्या नव्या शेवटाची रोज मनात उजळणी करायची. त्याने आधी विहिरीत पाणी कमी केलं. दुसऱ्या दिवशी दगडी पायऱ्या काढल्या. तिसऱ्या दिवशी खाली एक कासव आलं, त्याला त्याने नावही दिलं. झोपण्याआधी आईजवळ तीच गोष्ट सांगायची, एवढाच गृहपाठ.

महिनाभराने तो सांगत आला, “सर, काल इहीर आली होती. मी पायऱ्या पाह्यल्या.” त्याला स्वप्नात कळलं होतं की पायऱ्या नुसत्याच आल्या होत्या, हे मी खोदून विचारलं नाही. लाईट अजून चालू असतो, पण आता बाहेरच्या खोलीतला.