श्रीखंडाच्या डब्यातले हूक

मी जुन्या जालन्यात घरीच ब्लाऊज शिवते. मशीनशेजारच्या फळीवर माझं सामान ज्या डब्यांत असायचं, त्यांतला एकही विकत आणलेला नव्हता. हूक श्रीखंडाच्या डब्यात, बॉबिन आइस्क्रीमच्या डब्यात, टिचबटणं पेढ्याच्या खोक्यात, रिळं बिस्किटांच्या गोल पत्र्याच्या डब्यात. आमच्या आईनं डालड्याच्या पिवळ्या डब्यात आधी रवा ठेवला, मग दोरे, आणि बूड गंजल्यावर त्यात तुळस लावली. चांगला डबा टाकायचा नाही हे आम्ही तिच्याकडूनच शिकलो. ते मला आजही चूक वाटत नाही. माझी चूक वेगळी होती.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. लेक परतूरहून आली होती, नातू तीन वर्षांचा. दुपारी पुरीबरोबर त्याला श्रीखंड वाढलं, ते तशाच एका डब्यातून. तासाभरानं मी मशीनवर बसले आणि तो माझ्या मागं खेळत होता. झाकण निघाल्याचा आवाज मला ऐकू आला, पण गळ्याचं पायपिंग अर्ध्यावर होतं, म्हणून मी मान वळवली नाही. मग तो म्हणाला, "आज्जी, टोचलं."

डब्यातले हूक सांडलेले, त्याचं बोट तोंडात. किती गेले, कळायला मार्ग नव्हता. शेजारीण धावत आली. "केळं चारा त्याला, गुंडाळून खाली जाईल," ती म्हणाली. तिचं मन चांगलं होतं आणि आम्हीही लहानपणापासून हेच ऐकलेलं. दोन केळी चारली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, शेवटचं कधी खाल्लं? दुर्बिणीनं वस्तू काढायची झाली तर पोट रिकामं लागतं. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी झाली, तर ती फुप्फुसात जाऊ शकते. दुपारचं जेवण पोटात होतंच, त्यावर आमच्या केळ्यांनी त्यांचे हात आणखी बांधले. एक्स-रेत एक हूक जठरात दिसला. रात्रभर त्याला तिथंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक्स-रे, हूक पुढं सरकलेला. तिसऱ्या दिवशी तो बाहेर पडला. हूक लहान होता म्हणून निभावलं. त्याच फळीवर टाचण्याही होत्या.

त्या तीन दिवसांत मला एकच गोष्ट कळली. डबा आपण धुतो, पण त्याच्यावरचं चित्र तसंच राहतं. आपल्याला तो हुकांचा डबा वाटतो, मुलाला तो श्रीखंडाचाच दिसतो. बिस्किटांचा निळा डबा उघडला आणि आत सुया-दोरे निघाले, ही गोष्ट जगभरातले लोक हसत सांगतात. मला आता त्यावर हसू येत नाही.

म्हणून आता माझ्या फळीवर वेगळी रीत आहे. डबे अजूनही जुनेच. पण लेबल कोमट पाण्यात भिजवून काढते. छापील चित्र असेल तर त्यावर ब्लाऊजपीसच्या चिंध्या चिकटवते आणि एक हूक किंवा बटण बाहेरून लावून ठेवते, म्हणजे आत काय ते मलाही उघडून पाहावं लागत नाही. टोचणाऱ्या सगळ्या वस्तू आवळ झाकणाच्या बरणीत, आणि ती बरणी कपाटात, वरच्या कप्प्यात, कडीमागं. रोजच्या कामाचा मसाल्याचा जुना स्टीलचा डबा फार सोयीचा आहे, सात वाट्यांत सात मापं. पण त्याचं झाकण नुसतं टेकलेलं असतं; काम संपलं की तोही वर.

लोणच्याची बरणी सुयांसाठी घेऊ नका. मीठ कितीही धुतलं तरी झाकणाच्या आट्यांत राहतं आणि सुया गंजतात. गंजलेल्या सुईनं रेशमी खणाला पडलेला डाग मी भरून दिलेला आहे. तुपाच्या, फरसाणाच्या डब्यात कापड ठेवलं तर वासानं झुरळं आणि उंदीर येतात. साबणानं धुऊन दोन दिवस उन्हात टाका, हळदीचा पिवळेपणाही उन्हानं उतरतो. मोडक्या सुया औषधाच्या रिकाम्या बाटलीत साठवून, झाकण लावून, घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या.

मशीनचं तेल मात्र पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नका. ते पाण्यासारखंच दिसतं. मशीन धुवायला आणलेल्या रॉकेलचंही तेच. मुलानं घोटभर घेतलं तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. वर येताना ते फुप्फुसात उतरतं. बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. आणि एकदा शिवणात गेलेला डबा परत स्वयंपाकघरात आणायचा नाही.

आमचा जालना जिल्हा बियाण्यांचा आणि कापसाचा. शेतावरून रिकामे डबे, कॅन घरी येतात. ज्यावर चौकटीत लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण आहे, ते कीटकनाशक. तो डबा कितीही मजबूत असला तरी बटणांसाठीसुद्धा नको.

राखीतल्या, कार्डातल्या चपट्या गोल बॅटरीचं तर वेगळंच सांगायला हवं. ती घशात अडकली तर दोन तासांतही आतून भाजायला लागतं. तिथं वाट पाहायची नाही. कुठलीही वस्तू घशात अडकून मूल खोकत, रडत असेल तर त्याला खोकू द्या, घशात आंधळेपणानं बोट घालू नका. आवाजच फुटत नसेल तर अडकलेलं तिथल्या तिथं बाहेर काढावं लागतं. ते कसं, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच शिकून ठेवा. १०८ ला फोन करा, आणि डॉक्टर सांगेपर्यंत केळं नाही, भाकरी नाही, पाणीही नाही.

नातू आता शाळेत जातो, ठणठणीत आहे. तुमच्या मशीनशेजारी खाऊचं चित्र असलेला डबा असेल, तर सणाला लेकरं घरी येण्याआधी ते चित्र काढून टाका.