स्पंदाची रुंदी आणि विजेचे नियमन

मध्यरात्रीनंतर गावातील सौर पथदिवा मंद झाला की तो बिघडला, असा समज सहज होतो. वस्तुतः पहाटेपर्यंत बॅटरी पुरावी म्हणून अनेक दिव्यांत तशी योजनाच केलेली असते. तिच्यामागील तत्त्व शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखविता येते.

दिव्याच्या मार्गात रोध घालून प्रकाश कमी केल्यास बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्याऐवजी वीज अतिशीघ्र चालू-बंद केली व चालू राहण्याचा काळ कमी-अधिक केला, तर सरासरी शक्ती हवी तेवढी मिळते आणि अपव्यय अल्प होतो. यालाच पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे स्पंदाच्या रुंदीचे नियमन, असे म्हणतात.

प्रयोगासाठी फंक्शन जनरेटरवर चौकोनी तरंग निवडावा. वारंवारता १ किलोहर्ट्झ, खालची पातळी ० व वरची ५ व्होल्ट ठेवावी. अनेक जनरेटर ५० ओहमचा भार गृहीत धरतात. ती मांडणी न बदलल्यास प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट व्होल्ट मिळतात, हे ध्यानात ठेवावे. एक आवर्तन १ मिलिसेकंदाचे होते. त्यापैकी ०.२५ मिलिसेकंद स्पंद चालू असल्यास ड्यूटी सायकल २५ टक्के होते आणि डीसी मल्टिमीटर सुमारे १.२५ व्होल्ट दाखवितो. ७५ टक्क्यांस सुमारे ३.७५ व्होल्ट.

आता ३३० ओहमच्या रोधासह लाल एलईडी जोडावा. टक्केवारी वाढविताच प्रकाश वाढतो. वारंवारता ५ हर्ट्झवर आणली की दिवा लुकलुकू लागतो, आणि मंद प्रकाशाचे रहस्य विद्यार्थ्यांस डोळ्यांनी दिसते.

पुन्हा १ किलोहर्ट्झवर येऊन पीडब्ल्यूएम ही सोय निवडावी. ड्यूटी सायकल ५० टक्के, विचलन ४० टक्के व नियमन करणारा साइन तरंग १ हर्ट्झचा ठेवल्यास स्पंदाची रुंदी १० ते ९० टक्क्यांमध्ये फिरते. प्रकाश दर सेकंदास वाढतो व ओसरतो.

मोटार मात्र जनरेटरला थेट जोडू नये. तेवढा प्रवाह त्यास देता येत नाही. स्वतंत्र वीजपुरवठा व ट्रान्झिस्टर वापरावा आणि मोटारीस उलट दिशेने डायोड जोडावा.

हा प्रयोग पाहिलेला विद्यार्थी मंद दिव्याविषयी तक्रार करण्यापूर्वी त्याची योजना विचारील. पंचायतीनेही दिवा बदलण्यापूर्वी तेच विचारावे.