हातातलं काम, खिशातला कागद

बसा दोघं, इथं ओट्यावरच बसा. आत शिवणयंत्रांच्या आवाजात माझं बोलणं ऐकू यायचं नाही.

तू माझा नातू. इंजिनिअर होऊन दोन वर्षं इथं जबलपुरात रिछाईच्या कारखान्यात सीएनसी मशीन चालवलंस, आता जर्मनीला जायचं म्हणतोस. आणि तू शेजारच्या टेलरमास्तरांचा मुलगा. आठवीनंतर मशीनवर बसलास, सलवार-सूटच्या शिलाईत गोहलपुरात तुझा हात धरणारा कुणी नाही, आता सौदीला निघालास. लहानपणापासून आमच्या घरात वावरलास, मराठी तुला समजतं, म्हणून दोघांनाही एकदमच सांगतो. मी बहात्तर वर्षांचा आहे. त्यातली सहा वर्षं कुवेतमध्ये वेल्डर म्हणून काढली. तिथं जे शिकलो त्यातलं बरंचसं नुकसान सोसून शिकलो. ते तुम्ही फुकट घ्या.

परमुलखात तुमचं नाव कुणाला ठाऊक नसतं. बाप कोण, शाळेत नंबर कितवा, गल्लीत मान किती, हे सगळं दमोह नाक्याच्या अलीकडेच राहतं. तिथं तुम्ही म्हणजे दोनच गोष्टी: हाताला येणारं काम आणि ते खरं आहे हे सांगणारा कागद. या दोन्ही गोष्टी इथंच, घरी असताना पक्क्या करायच्या असतात.

आपलं काम आधी आपल्याला सांगता आलं पाहिजे

आपलं घर जबलपुरात आलं तेही कामाच्या शोधात. १९०४ मध्ये इथं गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली आणि मुंबई, मद्रास, फतेहगडचं तोफगाड्यांचं काम तिच्याकडे आलं. माझे आजोबा कुलाब्याला सुतार होते, ते कामामागोमाग इथं आले. हिंदीचा एक शब्द येत नव्हता. घरात सांगत आले आहेत की मुकादमानं लाकडाचे दोन तुकडे पुढं टाकले, आजोबांनी मुकाट्यानं सांधा करून दिला आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरी लागली.

आता मुकादम समोर नसतो, तुमचा अर्ज वाचणारा हजारो मैलांवर असतो. म्हणून आजपासून एक वही करा. तू लिही: कुठल्या मशीनवर, कुठल्या धातूचे, किती अचूक मापाचे सुटे भाग केलेस, ड्रॉइंग स्वतः वाचतोस का, प्रोग्रॅम स्वतः लिहितोस का. 'दोन वर्षं प्रॉडक्शनमध्ये होतो' या वाक्याला तिकडे काही किंमत नाही. कारखान्याकडून अनुभवपत्र घेशील तेव्हा त्यातही हेच लिहून घे. जर्मन मालक जुन्या मालकाचं सविस्तर पत्र मागतात, नुसत्या तारखांनी त्यांचं समाधान होत नाही.

आणि तू, मास्तर, शिवलेल्या कपड्यांचे जवळून फोटो काढून ठेव. कॉलर, काज, आतली शिलाई. सिंगल नीडल, ओव्हरलॉक, जी जी मशीन येतात त्यांची नावं लिही. आणखी एक कर. सौदीत पुरुष थोब घालतात, बायका अबाया. जाण्याआधी दोन-चार थोब इथंच शिवून बघ. तिथं पहिल्या दिवशी मालक तुझ्या हातात तेच कापड देईल.

कागदांचे तीन संच, आणि नाव सगळीकडे एकच

पासपोर्टवर एक स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, आधारवर तिसरं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. इथं चालून जातं, तिथं अर्ज अडतो. दुरुस्ती करायला महिने लागतात, म्हणून तिकिटाआधी तेच काम.

बाळा, जर्मनीसाठी तुझी पदवी कुठल्या विद्यापीठाची आहे हे महत्त्वाचं. अनाबिन नावाची त्यांची सरकारी यादी आहे, ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते. त्यात आपलं विद्यापीठ 'एच प्लस' वर्गात आहे का आणि पदवी दिलेली आहे का, ते पाहून ती पानं छापून ठेव. पदवी तिथं सापडली नाही, तर झेडएबी या त्यांच्या कार्यालयाकडून मूल्यांकन मागवता येतं.

तीन संच का म्हणतो, ते ऐका. कुवेतला उतरल्या उतरल्या कंपनीनं आमचे पासपोर्ट 'सांभाळायला' म्हणून घेतले आणि तिजोरीत ठेवले. २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे शहरात शिरले. साहेब लोक निघून गेले, तिजोरीची किल्ली त्यांच्याबरोबर गेली. माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात पासपोर्टची, कराराची आणि आयटीआयच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स होती, त्या जोरावर परतीचा कागद मिळाला. बसरा, बगदाद करत वाळवंटातून जॉर्डनला पोचलो आणि अम्मानहून एअर इंडियाचं विमान मिळालं. अडकलेल्या भारतीयांना परत आणण्याच्या त्या मोहिमेत विमानांनी ४८८ फेऱ्या करून सुमारे १ लाख ७० हजार माणसं घरी आणली. त्यातला मी एक. मुंबईहून हावडा मेलनं जबलपूरला उतरलो तेव्हा हातात फक्त तो डबा होता.

पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असतो, ते त्यावरच छापलेलं आहे. कुठल्याही मालकाला तो ठेवून घेण्याचा हक्क नाही. एक संच स्वतःजवळ, एक घरी, एक मोबाइलबाहेर इंटरनेटवर कुठंतरी साठवलेला.

एजंटला आधी त्याचा नंबर विचारा

हे खास तुझ्यासाठी, मास्तर. दहावी झालेली नसल्यामुळे तुझ्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड'चा शेरा आहे. त्याची लाज वाटून घेऊ नकोस. तो शेरा तुझ्या रक्षणासाठी आहे. सौदीसह अठरा देशांत कामाला जाताना अशा पासपोर्टवाल्याला सरकारची परवानगी घ्यावी लागते आणि त्या निमित्तानं तुझा करार सरकारी नोंदीत येतो. जो सांगेल, 'कशाला ती कटकट, टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं बदलून घेऊ', त्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. टुरिस्ट व्हिसावर काम करणारा माणूस तिथल्या कायद्यापुढे गुन्हेगार ठरतो. मग पगार बुडाला तरी तक्रार करायला तोंड राहत नाही.

भरतीचं काम करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं. त्याचा नंबर विचारायचा आणि ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर स्वतः ताडून बघायचा, दुकानातल्या भिंतीवरची फ्रेम पाहून नव्हे. त्याला घेता येणारी सेवा-फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. पैसे द्यायचे ते बँकेतून आणि पावती घेऊन. मेडिकल कुठं करायचं ते आखाती देशांच्या 'वाफिद' यंत्रणेतून ठरतं. एजंट सांगेल ते केंद्र चालत नाही.

प्रवासी भारतीय विमा योजना घ्यायला विसरू नकोस. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. तुझ्या अम्मीला त्या पॉलिसीची प्रत देऊन जा.

बाळा, तू इंजिनिअर म्हणून स्वतःला यातून वगळू नकोस. शिकलेली मुलंच 'थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी, पगार लाखभर' या जाहिरातीला फसली. तिथून त्यांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन लोकांना ऑनलाइन लुबाडण्याच्या कामाला जुंपलं. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. मुलाखतीत कामाचा एकही नेमका प्रश्न विचारला नाही आणि नोकरी लगेच मिळाली, तर समजा की त्यांना तुमचं काम नको आहे, तुम्ही हवे आहात.

सही करण्याआधी चार आकडे

मी १९८४ मध्ये गेलो तेव्हा मुंबईत एका कागदावर सही केली आणि कुवेतला उतरल्यावर दुसऱ्या, अरबीतल्या कागदावर. दुसऱ्यात पगार कमी होता. मला वाचता येत नव्हतं, विचारायचं धाडस नव्हतं. पहिली दोन वर्षं त्या एका सहीनं खाल्ली.

म्हणून चार आकडे तोंडपाठ हवेत: मूळ पगार किती, रोजचे तास किती, ओव्हरटाइमचा दर काय, राहणं-जेवण पगारातून कापणार की वेगळं. पगाराचा आकडा त्या देशाच्या चलनात लिहिलेला हवा. तुम्हाला वाचता येणाऱ्या भाषेतली प्रत मागा. 'नंतर देतो' म्हणाले तर सहीही नंतर करा.

जर्मनीत साधारण पहिले सहा महिने परीक्षेचा काळ असतो. त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते. म्हणून त्या सहा महिन्यांत मोठं कर्ज नको, मोठं घर नको.

भाषेचे गुण मोजून घ्या

जर्मनीनं १ जून २०२४ पासून 'चान्सेनकार्ट' सुरू केलं. नोकरी हातात नसतानाही तिथं जाऊन एक वर्षापर्यंत ती शोधता येते. मान्य पदवी हवी, निदान ए-वन पातळीचं जर्मन किंवा बी-टू पातळीचं इंग्रजी हवं, आणि पदवी जर्मनीत पूर्ण समकक्ष ठरली नसेल तर गुणांची बेरीज निदान ६ व्हावी लागते. तुझी बेरीज परवा रात्री मी मांडून पाहिली. वय पस्तिशीच्या आत, २ गुण. गेल्या पाच वर्षांत शिक्षणाशी जुळणारा दोन वर्षांचा अनुभव, २. इंग्रजी सी-वन, १. जर्मन ए-टू झालं तर १. बरोबर ६. म्हणजे या हिशेबानं जर्मन ए-टू नसेल तर एक गुण कमी पडतो.

पण एवढ्यावर थांबू नकोस. जाण्याआधी बी-वन कर. वर्कशॉपमध्ये पलीकडचा माणूस 'थांब' म्हणून ओरडतो तेव्हा डोक्यात भाषांतर करायला वेळ नसतो. मास्तर, तूही अरबी आकडे, मापं, 'मोठं-लहान-आज-उद्या' एवढं महिनाभरात शिकून घे. गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलणारा कारागीर मालकाच्या डोळ्यांत भरतो.

काम शोधणं हेही रोजचं काम

सकाळी उठून, अंघोळ करून, टेबलाशी बसायचं. चान्सेनकार्टवर आठवड्याला वीस तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येतं आणि एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत काम करून दाखवता येतं. आजोबांच्या लाकडी सांध्याची गोष्ट आठव. ही संधी मागून घे. 'मला दोन आठवडे मशीनवर उभं करून बघा' असं पत्रातच लिही.

मोठ्या नावांच्या कंपन्यांकडे सगळं जग अर्ज करतं. जर्मनीचा कणा म्हणजे लहान गावांतले, पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याकडे असलेले कारखाने. तिथं माणसांची चणचण असते आणि अर्ज कमी येतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, ते श्टुटगार्टचं राज्य अशाच कारखान्यांचं आहे. एकच अर्ज शंभर ठिकाणी पाठवू नकोस. दहाच पाठव, पण प्रत्येकात त्या कारखान्यात काय बनतं आणि तुझ्या वहीतलं कुठलं काम त्याला जुळतं ते लिही. नोंदवहीत तारीख, कंपनी, उत्तर लिहून ठेव, आणि दोन आठवड्यांनी एक नम्र आठवण.

आपली माणसं शोध. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि मराठी माणूस जिथं गेला तिथं गणपतीला तरी चार घरं एकत्र येतात. पण त्यांच्यापाशी नोकरी मागू नकोस, माहिती माग. 'या गावात सीएनसीचे कारखाने कुठं आहेत?' या प्रश्नाला माणूस मोकळं उत्तर देतो. 'मला कुठंतरी चिकटवा' म्हटलं की फोन उचलणं बंद होतं.

परतीचं भाडं हे कमाईत धरू नका

अम्मीचे दागिने गहाण टाकून जाऊ नका. व्याज भरायच्या धास्तीनं माणूस वाईट मालकाकडेही टिकून राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चान्सेनकार्टसाठी महिन्याला हजार युरोंहून अधिक दाखवावे लागतात, तर ते खरोखर असू देत, चार दिवसांसाठी उसने आणलेले नकोत. विमानाच्या परतीच्या तिकिटाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात, तिला हात लावायचा नाही. ती असली की 'नाही' म्हणायची ताकद राहते.

खोली घेताना बाहेर पडायची वाट आधी बघा. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय गेले. ती बातमी वाचताना मला माझी खोली आठवत होती. एका खोलीत किती माणसं, जिना मोकळा आहे का, हे विचारायला संकोच करू नका. भारतीय दूतावासाचा नंबर पाकिटात लिहून ठेवा. पगार अडला, पासपोर्ट अडकवला, तर मदद नावाच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, आणि ती घरूनही करता येते. म्हणून घरी कुणाला तरी खरं सांगत जा. 'सगळं मजेत आहे' एवढंच फोनवर सांगणारी मुलंच शेवटी एकटी पडतात.

उत्तरं 'नाही' येतील. माझ्या आजोबांची दुसऱ्याच दिवसापासून हजेरी लागली, सगळ्यांच्या नशिबी तसं नसतं. पण 'नाही' आल्यावर वही उघडायची, काय कमी पडलं ते लिहायचं आणि तेवढं शिकायचं. वर्ष संपेपर्यंत नाहीच जमलं तर ठरलेल्या दिवशी परत या. या ओट्यावर कुणी तुम्हाला हरलेलं म्हणणार नाही. मीसुद्धा रिकाम्या हातानं उतरलो होतो आणि त्याच हातांनी पुढची तीस वर्षं इथं वेल्डिंग केलं.

आता उठा. निघण्याआधी दोघांनी आपापल्या कागदांचा एक एक संच माझ्याकडे आणून द्या. तो पत्र्याचा डबा अजून आहे, आणि त्यात जागा आहे.