शरदातील सामुदायिक परसबाग : लागवडीनंतरची जबाबदारी

हस्त नक्षत्राचा पाऊस ओसरू लागला की नाशिक परिसराचे रूप पालटते. पंचवटीत रामकुंडाजवळचे गढूळ पाणी निवळू लागते. दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून पुराचा अंदाज घेण्याचे दिवस संपतात. दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत फळछाटणीची लगबग सुरू होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, असा या भागातील द्राक्षबागाईतदारांचा क्रम आहे. शरदातील छाटणी आणि तिच्यानंतरचे काही आठवडे यांवर वर्षाचे पीक अवलंबून असते, हे या बागाईतदारास कोणी सांगावे लागत नाही.

शाळेच्या आवारातील, ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेतील किंवा बचत गटाने सांभाळलेल्या परसबागेलाही हाच नियम लागू पडतो. तेथे मात्र तो सहसा ध्यानात घेतला जात नाही. आषाढात लागवड होते, तेव्हा समारंभ होतो, पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात. पुढील तीन महिने पाणी घालण्याचे काम पाऊसच करतो. आश्विनात पाऊस थांबतो, ऑक्टोबरचे ऊन तापते आणि पाठोपाठ दिवाळीची सुट्टी लागते. देखभालीचा समारंभ होत नाही. त्यामुळे पावसाळाभर हिरवी असलेली बाग कार्तिकात अनेक ठिकाणी वाळून गेलेली दिसते. बाग जगते की नाही, याचा निर्णय आषाढातील लागवडीपेक्षा आश्विन-कार्तिकातील देखभालीवर अधिक अवलंबून असतो.

उपक्रमाची परंपरा

शाळेला बागेची जोड देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. वर्धा येथे १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमचा विचार मांडला. हाताने केलेले उत्पादक काम हे शिक्षणाचे माध्यम व्हावे, हा त्याचा गाभा होता. अलीकडच्या काळात केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. राज्यात 'उमेद' अभियानाने २०२० मध्ये 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम हाती घेऊन ग्रामीण महिलांच्या गटांपर्यंत हा विषय नेला.

पंचवटीच्या जुन्या वस्तीत वाडे आणि मंदिरे दाटीने उभी असल्याने जागा थोडी आहे. तेथे शाळेच्या मैदानाचा एखादा कोपरा वापरता येतो. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, नांदूर या भागांत शेतीची परंपरा आजही आहे. तेथे एक गुंठा, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर जागा मिळणे तितके कठीण नाही. जागा लहान असो वा मोठी, शरदातील अडचण सारखीच असते.

जमीन सामाईक, जबाबदारी नावानिशी

या अडचणीचा अनुभव इतर देशांनीही घेतला आहे. जर्मनीतील लाइपझिग शहरात हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांच्या पुढाकाराने १८६४ मध्ये एक संस्था निघाली. डॉ. श्रेबर यांचे नाव तिला देण्यात आले. मुलांना खेळण्यासाठी मोकळे मैदान मिळावे, हा तिचा हेतू होता. पुढे गेझेल नावाच्या शिक्षकाने मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखून दिले. प्रारंभीचा उत्साह ओसरला आणि वाफ्यांत तण माजले. तेव्हा पालकांनी ते वाफे हाती घेतले, प्रत्येक कुटुंबाला आपला वाफा ठरला आणि बाग टिकली. जर्मनीत अशा कुटुंबबागांना आजही श्रेबर यांच्या नावाने ओळखले जाते.

इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर अशा बागांसाठी जमीन उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य सोपविले. तेथे जमीन सार्वजनिक असली तरी प्रत्येक तुकडा एका व्यक्तीच्या नावे नाममात्र भाड्याने दिला जातो. तुकडा पडीक ठेवल्यास सूचना मिळते आणि शेवटी तो काढून घेतला जातो. दोन्ही उदाहरणांतील बोध एकच आहे. 'सर्वांची बाग' ही कोणाचीच नसते, म्हणून जमीन सामाईक ठेवावी, परंतु वाफा मात्र नावानिशी सोपवावा.

हस्त ते दसरा : जमिनीची तयारी

पाऊस उघडताच खणण्याची घाई करू नये. गोदावरीकाठची काळी जमीन ओली असताना तुडविली तर तिची ढेकळे दगडासारखी होतात, आणि पूर्ण वाळू दिली तर तिला भेगा पडतात. यांच्या मधली अवस्था म्हणजे वापसा. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो भुसभुशीत फुटला तर वापसा आला असे समजावे. विद्यार्थ्यांना हा प्रयोग हाताने करता येतो आणि तो कायमचा लक्षात राहतो.

संपत आलेले दोडका, घोसाळी, काकडी यांचे वेल काढून टाकावेत. भुरी किंवा अन्य रोग पडलेले वेल खताच्या खड्ड्यात न टाकता बागेबाहेर नष्ट करावेत. तण फुलावर येण्यापूर्वी उपटावे. गाजर गवतामुळे त्वचेला खाज व पुरळ येण्याचा संभव असतो, म्हणून ते काढण्याचे काम मुलांकडे देऊ नये. मोठ्यांनीही हातमोजे घालावेत. वाढलेल्या गवतात हात घालण्यापूर्वी काठीने ते हलवून पाहावे, कारण या दिवसांत तेथे सापाचे भय असते.

नदीकाठच्या ज्या जागेत पुराचे पाणी शिरले असेल, तेथील उभी पालेभाजी खाऊ नये. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरासारख्या प्रसंगी पाण्याबरोबर शहराचे सांडपाणीही शेतात येते. अशा जागेतील भाजी काढून टाकावी, गाळ वाळू द्यावा आणि मगच नवी पेरणी करावी.

नवरात्रातील घटस्थापना ही घरोघरी होणारी बीजांकुरणाची परीक्षाच होय. शिक्षकांनी तिचा आधार घेऊन शाळेतील बियाणे तपासावे. ओल्या फडक्यावर दहाच्या दहा ओळींत १०० बिया मांडून फडके गुंडाळावे आणि ते ओलसर ठेवावे. आठवडाभराने उगवलेल्या बिया मोजाव्यात. सत्तरच उगवल्या असतील तर त्या प्रमाणात बी अधिक वापरावे. गणिताच्या तासाला शेकडेवारीचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

दसऱ्याला तोरणासाठी फुले काढून झाल्यावर झेंडूची झाडे फेकू नयेत. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतील सूत्रकृमी कमी होण्यास मदत होते. निरोगी झाडे बारीक करून वाफ्यात गाडावीत. मंदिरांतील निर्माल्यही दोरे व प्लॅस्टिक वेगळे केल्यास उत्तम खत होते. त्यासाठी नाडेप पद्धतीचे टाके सोयीचे आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे हे टाके विटांचे असते आणि हवा खेळण्यासाठी त्याच्या भिंतींत छिद्रे ठेवलेली असतात. त्यात काडीकचरा, शेण व माती यांचे थर दिल्यास साधारण ३ ते ४ महिन्यांत खत तयार होते. जागा लहान असल्यास लहान टाके चालते.

पेरणीची सांगड सुट्टीशी

दिवाळी दरवर्षी एकाच तारखेला येत नाही. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आले, तर २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला येते. म्हणून पेरणीचे वेळापत्रक तारखेवरून न ठरविता सुट्टीवरून ठरवावे.

मेथी साधारण महिन्याभरात काढणीस येते. सुट्टीपूर्वी तेवढे दिवस हाती असतील तर ती पेरावी आणि शाळा बंद होण्यापूर्वी काढून घ्यावी. दिवस कमी असतील तर पेरणी सुट्टीनंतरच करावी. नुकतीच उगवलेली पालेभाजी सुट्टीत सोडून जाणे म्हणजे बी वाया घालविणे होय. कोथिंबिरीसाठी धने रगडून त्यांचे दोन भाग करावेत व पेरण्यापूर्वी रात्रभर भिजवावेत. पालक, मुळा, गाजर, वाटाणा यांना नाशिकची थंडी मानवते.

कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, वांगी यांची रोपे ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच गादीवाफ्यावर करावीत. ती ४ ते ५ आठवड्यांत लावणीयोग्य होतात. सुट्टी जवळ असल्यास ही रोपवाटिका शाळेत न करता शेजारच्या एखाद्या पालकाच्या अंगणात करणे श्रेयस्कर ठरते. सुट्टी संपल्यावर तयार रोपे वाफ्यात येतात आणि तीन आठवडे वाचतात.

मावा, पांढरी माशी यांसाठी शाळेच्या बागेत रासायनिक औषधे वापरू नयेत. अर्धा किलो निंबोळ्या कुटून पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, फडक्याने गाळून एकूण १० लिटर द्रावण करावे आणि त्यात थोडा साबणाचा चुरा मिसळून सायंकाळी फवारावे.

पाण्याचा हिशेब

ऑक्टोबरच्या उन्हात भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ४ ते ५ लिटर पाणी लागते. एका गुंठ्यात वाटा सोडून ६० चौरस मीटर वाफे धरले, तर ही गरज २४० ते ३०० लिटर होते. शंभर मुलांनी जेवणापूर्वी एकेक लिटर पाण्याने हात धुतले, तर त्यातून १०० लिटर मिळते. साबणाचे पाणी पालेभाजीला न देता केळी, शेवगा यांच्या आळ्यात सोडावे. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी वाफ्यांना चालते.

वाळलेला पाला, बी न धरलेले गवत किंवा भुसा यांचे दोन-तीन बोटे जाड आच्छादन दिल्यास ओल बराच काळ टिकते आणि तणही कमी होते. पाणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी द्यावे. साठवणीची पिंपे झाकून ठेवावीत आणि आठवड्यातून एकदा कोरडी करून घासावीत, कारण डेंग्यू पसरविणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो.

सुट्टीतील तीन आठवडे

बाग वाळण्याचे कारण पुष्कळदा पाण्याचा अभाव नसून फाटकाचे कुलूप असते. शाळा बंद होते, किल्ली परगावी गेलेल्या व्यक्तीजवळ राहते आणि नळ चालू असूनही वाफे कोरडे पडतात. यावर उपाय साधा आहे. सुट्टीपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घेऊन पुढील गोष्टी लेखी ठराव्यात.

१. प्रत्येक वाफ्याला क्रमांक द्यावा आणि त्यापुढे दोन नावे लिहावीत. एक सांभाळणाऱ्याचे आणि दुसरे त्याच्या अनुपस्थितीत काम पाहणाऱ्याचे.

२. फाटकाची व पंपाची किल्ली शाळेजवळ राहणाऱ्या समितीच्या सदस्याकडे सोपवून तशी नोंद करावी.

३. सुट्टीत जो पाणी घालील, त्याने त्या काळात निघालेली भाजी घरी न्यावी. श्रमाला वाटा मिळाल्यास काम ओझे वाटत नाही.

४. एक साधी वही बागेत ठेवावी. तिच्यात पाणी दिल्याची तारीख, काढलेल्या भाजीचे वजन आणि सही एवढेच असावे.

ग्रामीण भागात २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा भरते. हीच वेळ ही यादी वाचून दाखविण्यास योग्य आहे. गावासमोर घेतलेले काम सहसा टाळले जात नाही. पंचायत सदस्यांनी आपल्या नावेही एखादा वाफा घेतला, तर इतरांना सांगण्याची गरज उरणार नाही.

ताटापर्यंत

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर मुलांच्या ताटात आहे. शालेय पोषण आहाराच्या निकषांनुसार प्राथमिक वर्गातील मुलाला दिवसाला ५० ग्रॅम व उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला ७५ ग्रॅम भाजी अपेक्षित आहे. शंभर प्राथमिक मुलांच्या शाळेला एका वेळी ५ किलो भाजी लागते. चांगल्या सांभाळलेल्या एका चौरस मीटर वाफ्यातून पाऊण ते एक किलो मेथी मिळू शकते. म्हणजे ५ ते ७ चौरस मीटरचा एक वाफा एका दिवसाची गरज भागवितो. असे पाच वाफे आठवड्याच्या अंतराने पेरल्यास हिवाळ्यात दर आठवड्याला एक दिवस मुलांना त्यांच्याच हातची ताजी पालेभाजी मिळते.

एका गुंठ्यातून सबंध वर्षाची भाजी निघेल, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. जी मिळते ती मात्र खात्रीची असते, आणि बाजारात पालेभाजीचे भाव चढतात तेव्हा तिचे मोल अधिक जाणवते. शाळेत स्वयंपाक होत नसेल, तेथे हीच भाजी मुलांना आळीपाळीने घरी देता येते.

दिवाळीनंतर शाळा उघडण्याच्या दिवशी मुले वर्गात जाण्यापूर्वी बागेकडे धाव घेतात. आपल्या हाताने लावलेला वाफा त्या दिवशी हिरवा दिसला, तर दुसऱ्या सत्राचा पहिला धडा त्यांना मिळालेला असतो. तो वाळलेला दिसला, तर मोठी माणसे सांगतात तसे वागत नाहीत, हाही धडा मुले शिकतात. यांपैकी कोणता धडा द्यावयाचा, हे सुट्टीपूर्वीच्या एका बैठकीत आणि एका यादीत ठरते.