रुतलेल्या गाडीसाठी विंच : स्वस्त घ्यावी की महाग?

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या म्हसावद व आसपासच्या गावांतील जमीन बहुतांशी काळी व भारी आहे. कापूस, ऊस, केळी व पपई ही पिके तीत उत्तम येतात. परंतु जो गुण पिकास हितकर, तोच पावसाळ्यात वाहतुकीस अडसर ठरतो. या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात, टायरच्या खाचा चिखलाने भरून जातात आणि मालाने भरलेली पिकअप गाडी जागच्या जागी चाके फिरवीत खोल रुतते. गाडीत पपईसारखे नाजूक फळ असेल, तर प्रत्येक तासाचा विलंब म्हणजे मालाची हानीच होय.

अशा वेळी शेजारचा ट्रॅक्टर बोलावून साखळीने गाडी ओढण्याचा प्रघात आहे. साखळी ट्रॅक्टरच्या मागील आसापेक्षा उंच ठिकाणी बांधली गेली, तर ओढताना पुढील चाके उचलली जातात आणि चालकास क्लच दाबण्याची सवड मिळण्यापूर्वीच ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. साखळी नेहमी खालच्या ओढदांड्यासच अडकवावी, हा नियम याचसाठी आहे. ट्रॅक्टर स्वतःच चिखलात फसण्याचा धोका तर असतोच. यास्तव अनेक वाहनमालक आता गाडीस विंच बसविण्याचा विचार करतात. बाजारात स्वस्त व महाग अशा दोन्ही प्रकारच्या विंच मिळतात आणि दोहोंवर ताकदीचा आकडा बहुधा एकच छापलेला असतो. मग किमतीत दुपटी-तिपटीचा फरक का, असा प्रश्न साहजिकच पडतो.

विंचचे कार्य

विंचचे तत्त्व विहिरीवरील रहाटाचेच आहे. रहाटावर दोर गुंडाळून पोहरा वर येतो, तद्वत् विंचच्या पिंपावर पोलादी दोर गुंडाळला जातो व गाडी पुढे सरकते. फरक इतकाच की, येथे हाताऐवजी गाडीच्या बॅटरीवर चालणारी मोटर असते. मोटरचा जलद फेरा दातेरी चक्रांच्या पेटीतून मंद व जोरकस केला जातो आणि ओढ थांबल्यावर दोर मागे सुटू नये म्हणून आत ब्रेक असतो.

किती ताकद लागते?

विंच निवडताना प्रथम किंमत न पाहता वजन पाहावे. माल भरलेली पिकअप सुमारे ३ टनांची धरू. गाडीची चाके चिखलात पूर्ण बुडाली असतील, तर ती हलविण्यास साधारणतः गाडीच्या वजनाइतकी, म्हणजे ३ टन ओढ लागते. चिखल चाकांवरील पत्र्यापर्यंत आला असेल, तर ही ओढ दुप्पट होते. चढ असल्यास चढाच्या प्रत्येक अंशामागे वजनाचा साठावा हिस्सा आणखी मिळवावा. म्हसावदहून राणीपूरमार्गे तोरणमाळकडे चढणाऱ्या रस्त्याने जाणाऱ्या वाहनांनी हा हिशेब विसरू नये. १० अंशांच्या चढावर ३ टनांच्या गाडीस अर्धा टन ओढ जास्त लागते.

सर्वसाधारण नियम असा की, विंचची ताकद भरलेल्या गाडीच्या वजनाच्या निदान दीडपट असावी. ३ टनांच्या गाडीस ही ताकद ४॥ टन होते. विंचवरील आकडे पौंडांत असतात. ९,५०० पौंड म्हणजे सुमारे ४,३०० किलो व १२,००० पौंड म्हणजे सुमारे ५,४४० किलो. अर्थात अशा गाडीस १२,००० पौंडांची विंच योग्य ठरते.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. छापलेली ताकद पिंपावरील दोराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत आतल्या थराची असते. दोराचे थर वाढत जातात, तसतशी ओढ घटते व चौथ्या थरावर ती बहुधा मूळ ताकदीच्या सहा-दशांशांच्या आसपास येते. म्हणून दोर शक्य तितका सोडून ओढ घ्यावी, मात्र पोलादी दोराचे निदान पाच वेढे पिंपावर राहू द्यावेत.

सुटी कप्पी वापरल्यास याहून मोठा लाभ होतो. कप्पी झाडास अडकवून दोराचे टोक परत आपल्याच गाडीस बांधले की ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो व मोटरवरील ताण हलका होतो. तथापि कप्पीवर व झाडावर दोरातील ताणाच्या दुप्पट भार येतो. सबब कप्पी त्या भाराची असावी.

जादा पैसा कोठे जातो?

दोन्ही विंच नव्या असताना कोरड्या जागी सारखेच काम करताना दिसतील. फरक उघड होतो तो चिखल, पाणी आणि वापराची वर्षे यांनी. महाग विंचमध्ये मोटर व चक्रपेटीचे सांधे पाण्यापासून अधिक काळजीपूर्वक बंद केलेले असतात, वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कळा जास्त प्रवाह सहन करतात, ब्रेक ओढीखाली घसरत नाही आणि सुटे भाग अनेक वर्षांनंतरही मिळतात. स्वस्त विंचमध्ये काटकसर बहुधा याच ठिकाणी केलेली असते. पाणी आत शिरून मोटर गंजते आणि कळ चिकटून बसते. कळ चिकटल्यास बटण सोडूनही विंच ओढतच राहते, म्हणून बॅटरीची जोडणी चटकन तोडता येईल असा खटका प्रत्येक विंचला अवश्य बसवावा.

मात्र महाग ते चांगलेच, असे समजू नये. दुकानात पुढील गोष्टी विचाराव्यात. प्रत्येक थरावरील ओढ किती? पूर्ण भारावर किती अँपिअर प्रवाह लागतो? दोराची तुटण्याची ताकद विंचच्या ताकदीपेक्षा जास्त आहे काय? मोटर, कळ व ब्रेक हे भाग स्वतंत्र मिळतात काय, व दुरुस्ती जवळपास कोठे होते? या प्रश्नांची लेखी उत्तरे ज्या विंचबरोबर मिळत नाहीत, ती कितीही स्वस्त वा महाग असो, घेऊ नये.

कोणी कोणती घ्यावी?

उदाहरणादाखल, एक विंच ४० हजार रुपयांस व दुसरी १ लाख २० हजार रुपयांस मिळते असे धरू. एका बागाईतदाराची गाडी वर्षातून ४ वेळा रुतते. दहा वर्षांत ४० वेळा वापर झाला, तर ८० हजारांचा फरक प्रत्येक वेळेस २,००० रुपये पडतो. शेत गावालगत असून मदत तासाभरात मिळत असेल, तर हा खर्च परवडणारा नाही. अशा शेतकऱ्याने स्वस्त विंच घ्यावी, परंतु वाचलेल्या पैशातून उत्तम दोर, मजबूत कप्पी व झाडाभोवती गुंडाळण्याचा रुंद पट्टा घ्यावा. काटकसर विंचवर केली तरी चालेल, दोरावर करू नये.

याउलट आठ शेतकऱ्यांच्या गटाने एका गाडीवर विंच बसविली आणि तीवरून इतरांच्या गाड्याही ओढल्या, तर वर्षास ३० वेळा व दहा वर्षांत ३०० वेळा वापर होईल. तेव्हा तोच फरक प्रत्येक वेळेस पावणेतीनशे रुपयांहूनही कमी पडतो, आणि इतक्या वापरात स्वस्त विंच दहा वर्षे टिकण्याची शक्यता थोडी. तसेच ज्यांची वाहने अक्राणीच्या दुर्गम पाड्यांत जातात, जेथे दुसरे वाहन दिवसभर भेटत नाही, त्यांनी विश्वासार्हतेसच पैसा मोजावा.

उसाने भरलेली ट्रॉली ओढण्यास मात्र गाडीवरील विंच अपुरी आहे. ट्रॉली आधी रिकामी करावी. ज्यांस गरज क्वचितच पडते, त्यांनी दांड्याने चालविण्याची हातविंच घ्यावी. ती संथ असते, पण तिला बॅटरी लागत नाही.

बॅटरी व बसवणी

पूर्ण भारावर विंच ३०० ते ४०० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह घेते. गाडीचा अल्टरनेटर याचा सुमारे चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी पुरवितो, उरलेला बॅटरीतून जातो. म्हणून ओढताना इंजिन चालू ठेवावे, एका वेळी मिनिटभराहून जास्त सलग ओढू नये व मोटर निवू द्यावी. विंच पातळ पत्र्यास न बसविता सांगाड्यास पक्की करावी. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत, यास्तव बसविण्यापूर्वी नंदुरबार येथील परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

सुरक्षितता

१) ताणलेला पोलादी दोर तुटल्यास चाबकासारखा उसळतो व प्राण घेऊ शकतो. ओढ चालू असता दोराजवळ कोणी उभे राहू नये, दोर ओलांडू नये. दोराच्या मध्यावर ओले पोते किंवा जुनी गोधडी टाकावी.

२) दोर हाताळताना जाड हातमोजे घालावेत.

३) कृत्रिम धाग्यांचा दोर हलका असतो व तुटल्यास कमी उसळतो. परंतु ऊन, उष्णता व वाळूचे कण यांनी तो झिजतो.

४) दोर विजेच्या खांबास कधीही बांधू नये. झाड जिवंत व जाड असावे आणि पट्टा बुंध्याच्या तळाशी गुंडाळावा. केळीच्या बागेत झाड नसल्यास ओढीच्या दिशेस आडवा खड्डा खणून त्यात जाड ओंडका पुरावा व त्यास दोर बांधावा.

५) गाडीवरील विंचने माणसास विहिरीत उतरवू नये किंवा वर काढू नये. तिचा ब्रेक जीव तोलण्यासाठी केलेला नसतो.

देखभाल

काम झाल्यावर दोर उलगडून चिखल धुवावा, वाळवावा व हलका ताण देऊन सरळ वेढ्यांत गुंडाळावा. तारा तुटलेला वा पिळलेला दोर बदलावा. महिन्यातून एकदा विंच थोडी चालवावी, म्हणजे आतील ओलावा जातो.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी एखाद्या शेतरस्त्यावर कप्पीचे व ओंडका पुरण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. त्याच वेळी हेही सांगावे की, ओढण्यापूर्वी दहा मिनिटे चाकांपुढील चिखल फावड्याने काढला व अर्धा माल उतरविला, तर लागणारी ओढ पुष्कळ कमी होते. शेतरस्त्यावर मुरूम टाकून दोन्ही बाजूंस चर काढले, तर विंच लागण्याचे प्रसंगच थोडे येतील. विंच स्वस्त असो वा महाग, तिचे मोल तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या सावधपणावर ठरते. गाडी उद्याही काढता येईल, माणूस मात्र सुखरूप घरी परतला पाहिजे.