धडा : गावाचे नाव पुरे लिहा

मंडळी, गावाचे नाव उगाच पडत नाही. वड होता, तिथे वडगाव. पिंपळ होता, तिथे पिंपळगाव. हिवराचे काटेरी झाड होते, तिथे हिवरे.

पण वड काय एकाच गावात असतो? आपल्या पुणे जिल्ह्यातच पाहा. वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द! म्हणून नावाला दुसरा शब्द जोडला. मावळ हे मुलखाचे नाव. बुद्रुक म्हणजे मोठे, खुर्द म्हणजे लहान. हे दोन्ही शब्द फारसीतून आले. आज एखादे खुर्द वाढून मोठे झाले, तरी नाव खुर्दच.

माझ्या एका विद्यार्थ्याने नोकरीच्या अर्जात नुसतं ‘वडगाव’ लिहिलं. मुलाखतीचे पत्र भलत्याच वडगावी गेले. हाती आले तेव्हा दिवस उलटून गेला होता. पत्ता लिहायला मीच त्याला शिकवलं होतं. पुरे नाव लिही, एवढं सांगायचं राहून गेलं. ते आज तुम्हांला सांगतो.

लिहा : तुमच्या गावाचे पुरे नाव, तालुका, जिल्हा.

विचारा : हे नाव कशावरून पडले? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा.