मलिद्याचे ताट

मलीदा हा पदार्थ तुम्हांला नवा नाही. फातेहाला किंवा दर्ग्यावरच्या नियाजला तो आपल्याकडे होतो. गव्हाची पोळी कुस्करायची, तिच्यात तूप आणि साखर किंवा गूळ घालायचा. फारसीत ‘मालीदन’ म्हणजे चोळणे, कुस्करणे. त्यावरून हा शब्द आला.

पण महाराष्ट्रात आणखी एक समाज मलीदा करतो आणि तो मुसलमान नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांपासून दूर, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, रायगड जिल्ह्याच्या समुद्रकाठी तो शतकानुशतके राहत आला. त्याचे नाव बेने इस्राएल. कुरआन शरीफमध्ये तुम्ही ‘बनी इस्राईल’ वाचता, तेच हे नाव. हे लोक धर्माने यहुदी आणि त्यांची मातृभाषा मराठी. ‘यहुदी’ हा शब्द आपण बहुधा युद्धाच्या बातम्यांत ऐकतो. हे यहुदी मात्र आपले जुने शेजारी आहेत.

त्यांचे पूर्वज गलबतातून येत असता अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. पुढे ते कोकणच्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, कारण शनिवार हा त्यांचा पवित्र दिवस. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून त्यांना आडनावे मिळाली: रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर. ‘बूट पॉलिश’ (१९५४) या चित्रपटात जॉन चाचाचे काम करणारे नट डेव्हिड हे चेऊलकरच होते.

आता त्यांचा मलीदा पाहा. त्यात पोळी नसते. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची आणि सुका मेवा एकत्र कालवून ताटात त्याची रास करतात. भोवती निरनिराळी फळे मांडतात. हे ताट एलियाहू हन्नबी यांच्या नावाने असते. ते म्हणजे आपले हजरत इलियास अलैहिस्सलाम. लग्न असो, नवे घर असो की मन्नत पुरी झालेली असो (मराठीत मन्नतला ‘नवस’ म्हणतात), मलीदा होतोच. आधी हिब्रू भाषेत प्रार्थना होते, एलियाहूंचे गीत सगळे मिळून गातात आणि मग ताट वाटले जाते.

यहुदी पंचांगात जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास झाडांच्या नववर्षाचा एक दिवस येतो. जंगलात राहणाऱ्या आपल्याला हा सण आवडावा असाच आहे! त्या दिवशी बेने इस्राएल लोक अलिबागजवळच्या खंडाळे गावी जमतात. तेथील खडकावरच्या खुणा एलियाहूंच्या रथाच्या व घोड्यांच्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. तेथेही मलिद्याचे ताट मांडले जाते.

दूध आणि मांस ते एकत्र खात नाहीत. त्यामुळे त्यांच्या रश्श्यांत नारळाचे दूध असते. उपवासाला त्यांचा जुना शब्द ‘रोजा’. एका उपवासाचे नाव तर ‘बिरड्याचा रोजा’. बिरडे म्हणजे मोड आणून सोललेले वाल. आपल्याकडचे पोपटाचे दाणे त्याच जातीचे.

संगीतातही त्यांनी अशीच देवघेव केली. १८८० च्या सुमारास त्यांनी कीर्तने रचायला सुरुवात केली. चाली मराठी, साकी आणि ओवीच्या; कथा मात्र हजरत इब्राहीम, हजरत यूसुफ आणि हजरत मूसा यांच्या.

प्रार्थनाघराला ते पूर्वी ‘मशीद’ म्हणत. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनाघर बांधले. दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. ‘मी बनी इस्राईल आहे,’ असे त्यांनी सांगताच टिपूच्या आईने, ‘हे नाव कुरआनात आहे,’ म्हणून त्यांना वाचवले, अशी आख्यायिका आहे. मुंबईच्या ‘मस्जिद’ रेल्वे स्टेशनाचे नावही याच प्रार्थनाघरावरून पडले, असे सांगतात.

१९४८ नंतर यातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथे काही धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदीपणाबद्दलच शंका घेतली. त्यांना निदर्शने करावी लागली आणि १९६४ साली तेथील संसदेने त्यांची बाजू उचलून धरली. मराठी त्यांनी तेथेही सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले.

२०११ च्या जनगणनेत भारतभर यहुदी पाच हजारांहूनही कमी होते. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. सामुदायिक प्रार्थनेला त्यांच्यात दहा पुरुष लागतात. कोकणातल्या लहान गावांत आता दहाजण जमणेही अवघड झाले आहे.

उद्या वर्गात येताना आजीला किंवा अम्मीला विचारून या : आपल्या घरी मलीदा केव्हा करतात, कसा करतात आणि तो प्रथम कोणाला देतात? उत्तर उर्दूत मिळेल. तुम्ही ते दहा ओळींत मराठीत लिहा.